हाय-रेझ संगीत: फरक कानाला कळतो की मनाला?

गाणी ऐकवणाऱ्या ॲपची सेटिंग उघडली की हल्ली काही नवे शब्द दिसतात. ‘लॉसलेस’, ‘हाय-रेझ लॉसलेस’, ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’. कोबझ आणि टायडल या सेवांनी ही वाट आधीच धरली होती. २०१९ मध्ये ॲमेझॉन आणि २०२१ मध्ये ॲपल तिच्यावर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनेही लॉसलेस संगीत द्यायला सुरुवात केली. सगळ्यांच्या जाहिरातीचा सूर साधारण एकच असतो: स्टुडिओत कलाकाराने जे ऐकले, तेच आता तुमच्या दिवाणखान्यात.

दावा मोठा आहे, म्हणून तो घरी पडताळून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. एकच गाणे दोन ॲपवर आळीपाळीने लावायचे आणि ‘हा आवाज मोकळा वाटतो’, ‘तो जरा बसका आहे’ असा निकाल द्यायचा. या निकालाच्या जोरावर वर्गणी बदलली जाते, महागडे हेडफोन घेतले जातात. अडचण एवढीच की, असा निकाल बहुधा फाइलच्या दर्जाबद्दल नसतोच. तो आवाजाच्या पातळीबद्दल, ब्लूटूथबद्दल, मनातल्या अपेक्षेबद्दल आणि कधी कधी ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल असतो.

आकडे काय सांगतात?

आवाज डिजिटल करताना त्याची पातळी दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर नोंदवले जाते. हाय-रेझमध्ये मोजमापे सेकंदाला १,९२,००० पर्यंत जातात आणि मोजपट्टी २४ बिटची होते. तिच्यावर पायऱ्या असतात १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

आकडे वाढले म्हणजे आवाज आपोआप ‘बारीक’ झाला, असे वाटते. जाहिरातींतही सीडीचा आवाज जिन्यासारखा खडबडीत आणि हाय-रेझचा गुळगुळीत वक्र असा दाखवला जातो. हे चित्र चुकीचे आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे नेमकेपणाने मांडले, ते गणित सांगते की, एखाद्या आवाजातली सर्वांत उंच वारंवारता जेवढी असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले तर मूळ लहर पूर्णपणे परत मिळते. मोजमापांच्या मधला भाग ‘हरवत’ नाही. सीडीवरचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो तेव्हा तोही गुळगुळीतच असतो.

मग सॅम्पलिंगचा दर वाढवून मिळते काय? अधिक उंच वारंवारता साठवता येते. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, तेही तरुणपणी. सीडीच्या मोजमापात २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सगळे मावते. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ९६,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात. ते ऐकायला वटवाघळाचे कान हवेत. शिवाय काही ॲम्प्लिफायर आणि स्पीकर या अतिउच्च लहरींनी गोंधळतात आणि त्यांतून ऐकू येणारी विकृती तयार होते. अशा वेळी फरक खरोखर ऐकू येतो, पण तो दर्जाचा नसून दोषाचा असतो.

बिटचे गणितही असेच. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. शांत खोलीतही ३० ते ४० डेसिबलची पार्श्वभूमी असते. पंखा, फ्रिज, खालचा रस्ता यांनी ती आणखी वाढते. म्हणजे १६ बिटचा पूर्ण आवाका घरात वापरायचा तर ढोबळ हिशेबाने १३० डेसिबलपर्यंत जावे लागेल, आणि तिथे कान दुखू लागतात. २४ बिटचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना आणि संकलन करताना होतो. तिथे चुकांना मोकळी जागा लागते. तयार गाणे ऐकताना ती जागा रिकामीच राहते.

गाळलेला आवाज

खरा फरक असेल तर तो लॉसलेस आणि लॉसी या दोहोंमध्ये. लॉसलेस फाइल कपड्यांची घडी घातल्यासारखी असते. जागा कमी लागते, उघडली की सगळे जसेच्या तसे. लॉसी पद्धतीत काही आवाज कायमचे काढून टाकले जातात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेले एमपी३ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, या श्रवणाच्या गुणधर्मावर ते उभे आहे. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज कळत नाही, तसेच. जे ऐकू येणारच नाही ते साठवायचे कशाला, हा त्यामागचा विचार.

हा विचार किती नीट राबवला, यावर सारे ठरते. १२८ केबीपीएसच्या जुन्या एमपी३ फाइलमध्ये टाळांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होई, ते अनेकांना आठवत असेल. आजच्या सेवा लॉसी प्रकारातही २५६ किंवा ३२० केबीपीएसने गाणी देतात. तिथे मूळ आणि गाळलेला आवाज ओळखणे बहुतेकांना बहुतेक गाण्यांत जमत नाही.

सीडीच्या दर्जाहून वरचे काही कानाला कळते का, हेही तपासून झाले आहे. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांचा प्रयोग २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हाय-रेझ डिस्कचा आवाज कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला गेला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी निकाल एवढाच लागला असता. या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. तेव्हा फरक ओळखण्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या किंचित वर, सुमारे ५२ टक्के निघाले. मुद्दाम प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे फरक शून्य आहे असे छातीठोक म्हणता येत नाही. पण तो असलाच, तर शांत खोलीत, कान देऊन, सरावाने आणि तरीही अनेकदा चुकत पकडावा लागतो, इतका सूक्ष्म आहे.

तरी घरी फरक का वाटतो?

पहिले कारण आवाजाची पातळी. दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असेल, तर एक ‘मोठा’ आहे हे लक्षात येत नाही, पण तो ‘चांगला’ वाटतो. त्याचे मूळ कानाच्या घडणीत आहे. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज वाढला की दोन्ही टोके उठून येतात आणि गाणे भरीव वाटते. वेगवेगळ्या सेवा गाण्यांची पातळी वेगवेगळी राखतात. स्पॉटिफायचे मूळ सेटिंग आणि ॲपलचे ‘साउंड चेक’ यांच्या ठरावीक पातळ्यांत सुमारे दोन एककांचा फरक आहे. एका ॲपमध्ये ही सोय चालू आणि दुसऱ्यात बंद असेल, तर अंतर आणखी वाढते. अशा तुलनेत जिंकतो तो जोरात वाजणारा.

दुसरे कारण मास्टर. एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या असतात: मूळ, पुनर्संस्करित, कुठल्याशा वर्धापनानिमित्त काढलेली. प्रत्येकीत आवाजाचा तोल वेगळा राखलेला असतो. दोन सेवांवर दोन आवृत्त्या असतील, तर फरक स्पष्ट ऐकू येतो, पण तो बिटचा किंवा किलोहर्ट्झचा नसतो. उलट दोन्हीकडे एकच मास्टर लॉसलेस स्वरूपात असेल, तर दोन्ही सेवा घरी पोहोचवतात ते आकडे तंतोतंत सारखे असतात. एकच पत्र दोन वेगळ्या पाकिटांतून आल्यासारखे. तिथे ‘कोणाचा आवाज चांगला’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

तिसरे कारण वाटेत होणारे बदल. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला ९,२१६. ब्लूटूथचे नेहमीचे प्रकार याहून फार कमी वाहून नेतात. चांगल्या समजल्या जाणाऱ्या एलडॅकची कमाल मर्यादाही ९९० किलोबिट आहे. त्यामुळे बहुतेक बिनतारी हेडफोनवर लॉसलेस गाणे पोहोचेपर्यंत पुन्हा लॉसी झालेले असते. काही मोजके नवे प्रकार सोडले, तर ही मर्यादा कायम आहे आणि ॲपलनेच आपल्या ब्लूटूथ हेडफोनबाबत ती नोंदवली आहे. अनेक अँड्रॉइड फोन आणि विंडोज संगणक तर आलेला आवाज स्वतःच्या ठरलेल्या दरात बदलून मगच पुढे पाठवतात. आयफोनवरही ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जायचे तर डॅक हे वेगळे उपकरण जोडावे लागते. पडद्यावर ‘हाय-रेझ’ अशी अक्षरे दिसतात, कानापर्यंत ते पोहोचलेलेच नसते.

चौथे कारण अपेक्षा. ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते चांगले वाटणे हा लबाडीचा भाग नाही. मेंदू आवाज ऐकताना पाहिलेले आणि वाचलेलेही त्यात मिसळतो. आजवर न जाणवलेला तानपुऱ्याचा झंकार हाय-रेझमध्ये ऐकू आला, असे होते, कारण या वेळी कान तिकडे लावलेला असतो. तोच कान लावून जुनी फाइल ऐकली, तर तो झंकार तिथेही सापडतो.

घरच्या घरी खरी परीक्षा

यावर उपाय सोपा आहे: ऐकणाऱ्याला कोणती फाइल चालू आहे हे कळू द्यायचे नाही. त्यासाठी दोन ॲपऐवजी एकाच ॲपमधले दर्जाचे सेटिंग बदलून तुलना करावी. बहुतेक वेळा मास्टर तोच राहतो. आवाजाची पातळी मात्र तपासून घ्यावी. स्पीकरवर ऐकत असाल, तर डेसिबल मोजणारे मोबाइल ॲप एका जागी ठेवून दोन्ही वेळचा आकडा सारखा येतो का ते पाहावे. आकडा अचूक नसला तरी चालेल, तुलना पुरते. इक्वलायझर आणि इतर परिणाम बंद करावेत. हेडफोन तारेचा असावा. डाउनलोड केलेली जुनी प्रत वाजत नाही ना, याचीही खात्री करावी.

मग घरातल्या एकाने नाणे उडवून छापा आला तर एक दर्जा, काटा आला तर दुसरा लावावा आणि कागदावर नोंद ठेवावी. ऐकणाऱ्याने पडद्याकडे पाठ करून बसावे. लावणाऱ्याने बोलू नये, चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नये. तुकडे दहा-पंधरा सेकंदांचेच असावेत, कारण आवाजाचे बारकावे स्मृतीत फार काळ टिकत नाहीत. असे १६ वेळा करावे. १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर आली, तर निव्वळ नशिबाने तसे होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. फरक खरेच कळतो, असे तेव्हा म्हणता येईल. दहापैकी सात बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये. तेवढे यश केवळ अंदाजाने सहापैकी एकाला मिळू शकते.

ऐकायचे काय, हेही महत्त्वाचे. गजबजलेल्या चित्रपटगीतात गाळलेले आवाज सहज लपतात. परीक्षा घेतात ते तुटक, टोकदार आणि हळूहळू विरणारे आवाज. भजनातले टाळ आणि चिपळ्या, टाळ्यांचा कडकडाट, तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’, आणि सर्वांत चांगला तानपुरा. जवारीवर टेकून थरथरणाऱ्या त्याच्या तारेतून स्वरांची जी दाट मालिका उमटते, तिचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. मिरजेचे कारागीर ती कानाने जुळवत आले आहेत. आलापाच्या सुरुवातीला, गायकाने स्वर लावण्याआधीचा तानपुरा हा या परीक्षेचा उत्तम तुकडा. मात्र जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेली नाट्यगीते यासाठी उपयोगाची नाहीत. मूळ तबकडीत जे उंच स्वर उतरलेच नाहीत, ते १९२ किलोहर्ट्झची फाइल कुठून आणणार?

कानाचा हिशेब

या खेळात दोन गोष्टी आरोग्याच्या आहेत. पहिली म्हणजे बारकावे शोधण्याच्या नादात आवाज वाढत जातो. प्रत्येक फेरीला थोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला चार तासच उरतात. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्यामुळे धोका असल्याचे ही संघटना सांगते. अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म पेशी एका कानात सुमारे १५ हजार असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडे बसल्यासारखे वाटले, तर आवाज जास्त झाला होता, हे समजावे.

दुसरी गोष्ट वयाची. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी कर्णावर्ताच्या सुरुवातीला असतात आणि साधारणपणे झीज तिथूनच सुरू होते. पन्नाशीपुढे अनेकांना १२,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. मुलीला टाळांची किणकिण स्पष्ट ऐकू येते आणि वडील म्हणतात, ‘मला तर दोन्ही सारखेच वाटते’, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. इथवर काळजीचे कारण नाही. पण झीज खाली सरकली की ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होऊ लागतात. ‘ऐकू येते, पण नीट कळत नाही’ ही तक्रार तिथून सुरू होते. टीव्हीचा आवाज वाढतो, गर्दीत बोलणे नकोसे वाटते. घरच्या परीक्षेत एखाद्याला सोपा फरकही कळत नसेल आणि जोडीला ही लक्षणे असतील, तर दोष हेडफोनला देण्याआधी कान, नाक, घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करावी. मोबाइलवरच्या वारंवारतेच्या चाचण्या तिची जागा घेऊ शकत नाहीत. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये.

पैसे कुठे घालावेत?

चालू वर्गणीतच लॉसलेस मिळत असेल, तर घरच्या वायफायवर ते जरूर चालू ठेवावे. नुकसान काही नाही. मोबाइल डेटावर मात्र हिशेब पाहावा. ॲपलच्या आकडेवारीनुसार तीन मिनिटांचे गाणे नेहमीच्या दर्जात सुमारे ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६ आणि सर्वोच्च हाय-रेझमध्ये १४५ एमबी घेते. केवळ हाय-रेझसाठी जादा पैसे मोजायचे असतील, तर आधी वरची १६ फेऱ्यांची परीक्षा द्यावी.

आवाजात सहज कळणारा बदल हवा असेल, तर तो बहुधा दुसरीकडे मिळतो. कानात नीट बसणारे चांगले हेडफोन, स्पीकरची योग्य जागा, फरशी आणि भिंतींवरून उसळणारा आवाज शोषणारी सतरंजी व पडदे, ऐकताना बंद केलेला पंखा. लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकणाऱ्यांसाठी बाहेरचा गोंगाट रोखणारे हेडफोन हा जास्त शहाणपणाचा खर्च आहे. बाहेरचे शांत झाले की आतला आवाज वाढवावा लागत नाही. गाणे आज चांगले ऐकू येते आणि वीस वर्षांनी ते ऐकायला लागणारा कानही शाबूत राहतो.